तेलाच्या टाकीवर हाय अलार्म कुठे लावायचा? नवीन इन्स्ट्रुमेंटवाल्यांसाठी

सॉल्व्हेंट प्लांटला किंवा रिफायनरीला इन्स्ट्रुमेंटमध्ये नवीन लागलात की थोड्याच दिवसांत हातात चिठ्ठी पडते, ‘अमुक टँक, लेव्हलचा हाय अलार्म लावून घेणे.’ किती वर लावायचा ते चिठ्ठीत नसतं. शिफ्टमधल्या जुन्या माणसाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘बाकीच्याइले काय लावलं हाय ते पाय न लाव तेवढाच.’ बाकीच्यांना बहुतेक वेळा गेज बसवायला आलेल्या माणसाने टाकीवर न चढताच नव्वद टक्के टाकून दिलेले असतात. मग सगळ्या टाक्यांना नव्वद. लहान टाकीलाही तेच, मोठ्या पंपाच्या टाकीलाही तेच.

टक्के सगळीकडे सारखे दिसतात, मिनिटं मात्र टाकीगणिक बदलतात. अलार्म वाजल्यापासून तेल ओव्हरफ्लोला पोचायला किती मिनिटं आहेत आणि माणसाला व्हॉल्व्ह बंद करायला किती मिनिटं लागतात, यावरून आकडा काढायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

उदाहरण कच्च्या सोयाबीन तेलाच्या उभ्या टाकीचं घेतलंय. अकोला, वाशीम, खामगावच्या पट्ट्यात शिकाऊ माणसाच्या हाती पहिली तीच येण्याची शक्यता जास्त. डिझेल, मळी, ॲसिड, पाणी, कशालाही रीत हीच. हेक्झेन, म्हणजे सॉल्व्हेंट प्लांटमध्ये बियांतून तेल काढायला वापरतात तो चटकन पेटणारा द्रव, त्याच्या टाकीचं प्रकरण वेगळं आहे, ते जिथल्या तिथे सांगतो. उदाहरणातले आकडे उचलून आपल्या टाकीला लावू नका.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

कागद:
- टाकीचं ड्रॉइंग. आतला व्यास, शेलची उंची, ओव्हरफ्लो आणि आउटलेट नोझलची उंची त्यावर हवी.
- डिप चार्ट, म्हणजे किती सेंटिमीटरला किती लिटर याचा तक्ता.
- ट्रान्समीटरचं (गेजचं रीडिंग पॅनलला पाठवणाऱ्या भागाचं) मॅन्युअल आणि लूप ड्रॉइंग, म्हणजे त्या सिग्नलच्या वायरिंगचा नकाशा.
- भरणाऱ्या आणि उपसणाऱ्या प्रत्येक पंपाची क्षमता. नेमप्लेटचा फोटो असला तरी चालेल.
- आज लागलेल्या अलार्मची यादी. ती नसेल तर स्क्रीनवरून उतरवून घ्या. काही बदलण्याआधी जुने आकडे लिहिलेले असलेच पाहिजेत.
- वर्क परमिट, उंचीवरच्या कामाच्या परवानगीसकट.

हत्यारं: पितळी गोळ्याची डिप टेप, मल्टिमीटर, लूप कॅलिब्रेटर, हार्ट कम्युनिकेटर, म्हणजे ट्रान्समीटरची सेटिंग बदलायचं हातातलं यंत्र (किंवा ट्रान्समीटरच्या डिस्प्लेवरची बटणं), वॉकी-टॉकी, सेफ्टी बेल्ट, सेकंद काटा असलेलं घड्याळ, वही. मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे हे खरं, पण हेक्झेनच्या आवारात मोबाइल नेता येत नाही. वॉकी-टॉकीही तिथे इन्ट्रिन्सिकली सेफच, म्हणजे ज्याने वाफ पेटणार नाही असाच लागतो.

हेक्झेनचं आणखी एक. पेट्रोलियम नियम २००२ प्रमाणे २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते) असलेला माल वर्ग ‘अ’ मध्ये येतो आणि हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट शून्याच्याही बराच खाली आहे. त्या टाक्यांचा परवाना पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याचा असतो, आणि पेसोचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. मंजूर ड्रॉइंगमध्ये नसलेली नोझल पाडून नवा लेव्हल स्विच बसवायचा विचार परस्पर करू नका. सेट पॉइंट बदलणं वेगळं आणि टाकीला भोक पाडणं वेगळं.

१. टाकी डोळ्यांनी बघा

ड्रॉइंग आणि टाकी जुळतातच असं नाही. ओव्हरफ्लोची नोझल नंतर खाली-वर केलेली असते, इनलेट पाइप बदललेला असतो. वर चढून बघा. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत चढा, दुपारी शिडीला हात लागत नाही.

ओव्हरफ्लोच्या नोझलची खालची कड टाकीच्या तळापासून किती वर आहे ते मोजा. सगळं गणित या कडेपासून खाली यायचं आहे, शेलच्या टोकापासून नाही. खाली उतरून तोच पाइप जमिनीजवळ कुठे सुटतो तेही बघा. पाइपच्या तोंडात गांधीलमाशीचं पोळं असतं, कधी कोणी लाकडी बूच ठोकलेलं असतं. असा पाइप ओव्हरफ्लोच्या उपयोगाचा नाही, तेल मॅनहोलच्या गास्केटमधून किंवा व्हेंटमधून येणार.

गेजची जागाही तपासा. रडार इनलेटच्या अगदी जवळ असेल तर टाकी भरताना पडणारी धार आणि फेस त्याला दिसतो. आतली शिडी किंवा पाइप बीमच्या वाटेत असेल तर खोटा एको येतो आणि लेव्हल एकाच आकड्यावर चिकटून बसते. टाकी रिकामी असताना मॅपिंग करून तो एको काढता येतो, म्हणून रिकामी टाकी मिळाली की ती संधी सोडू नका. प्रत्येक रडारला आणि अल्ट्रासॉनिकला तोंडाशी एक आंधळा पट्टाही असतो, त्यात आलेलं तेल गेजला दिसत नाही. तो किती सेंटिमीटरचा आहे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तुमचा सर्वांत वरचा अलार्म त्या पट्ट्याच्या खालीच बसला पाहिजे. बसत नसेल तर गेज उंच नोझलवर घ्यावं लागेल, सेट पॉइंट ओढूनताणून भागणार नाही.

हेक्झेनवर अल्ट्रासॉनिक कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. हेक्झेनच्या वाफेत आवाजाचा वेग हवेपेक्षा वेगळा असतो आणि रीडिंग फसतं.

२. गेज खरं बोलतंय का?

सेट पॉइंटवर हात घालण्याआधी डिप घ्या. तेल स्थिर असताना, पंप बंद असताना, लागोपाठ तीन वेळा. तिन्ही जुळले तर तो आकडा गेजशेजारी लिहा. लेव्हल खाली असताना एकदा आणि वर असताना एकदा घ्या. खाली बरोबर आणि वर चुकीचं दाखवणारी गेजं मुबलक आहेत, आणि आपल्याला काळजी वरचीच.

फरक सगळीकडे सारखाच, समजा ४ सेंटिमीटरचा असेल, तर बहुधा शून्य वेगळं धरलेलं असतं. डिप चार्टचं शून्य डिप प्लेटवर आणि ट्रान्समीटरचं शून्य टाकीच्या तळावर, असा प्रकार. एक ऑफसेट टाकला की झालं.

फरक वर जाताना वाढत गेला तर घनतेवर संशय घ्या. तळाशी प्रेशर ट्रान्समीटर बसवून लेव्हल मोजायची पद्धत आपल्याकडे स्वस्त म्हणून बरीच चालते. ते ट्रान्समीटर पाण्यावर सेट केलं असेल आणि टाकीत सोयाबीन तेल असेल, तर तेलाची घनता ०.९२ च्या आसपास असल्यामुळे प्रत्येक मीटरला आठ सेंटिमीटर कमी दिसतं. आता हे बघा. ओव्हरफ्लो ७.६० मीटरवर आहे. तेल तिथपर्यंत चढलं तरी गेज दाखवतं ६.९९ मीटर. हाय अलार्म ७.०० मीटरवर लावला असेल तर तेल जमिनीवर आलं तरी हूटर वाजणार नाही, आणि स्क्रीनवर सगळं हिरवं. सेट पॉइंट बरोबर, वायरिंग बरोबर, रिले बरोबर आणि तेल टाकीभोवतीच्या बांधात. म्हणून डिपशिवाय पुढची पायरी नाही.

हेक्झेनच्या टाकीचा डिप भरणं थांबल्यावर लगेच घेऊ नका. स्थिर विजेचा भार ओसरायला निदान ३० मिनिटं जाऊ द्या, टेप अर्थ करा आणि अंगात नायलॉनचे कपडे नकोत.

३. मिनिटं मोजा

ही पायरी लोक गाळतात. कारण त्यात स्क्रीन नाही, मेन्यू नाही, नुसतं चालायचं आहे.

पॅनल रूममध्ये उभे राहा. घड्याळ लावा. हूटर वाजला असं समजा. ऑपरेटर चहाच्या टपरीवरून किंवा बाथरूममधून स्क्रीनपाशी येणार, कुठली टाकी ते वाचणार, वॉकी-टॉकीवर फील्डच्या माणसाला बोलावणार. फील्डचा माणूस दुसऱ्या टोकाला सीड क्लीनरपाशी असणार. तो टँक फार्मला येणार, बरोबर व्हॉल्व्ह शोधणार, चार इंची गेट व्हॉल्व्ह फिरवत फिरवत बंद करणार. हे सगळं प्रत्यक्ष करा, स्वतः चालून, व्हॉल्व्ह स्वतः फिरवून. दिवसा एकदा, रात्री एकदा. रात्रीचा आकडा धरा.

त्यावर वाढवा. जुलैच्या पावसात काळ्या मातीचा चिखल झाला की तेवढंच अंतर दुप्पट वेळ खातं. तान्ह्या पोळ्याला, दिवाळीत, लग्नसराईत अर्धी शिफ्ट सुट्टीवर असते आणि दोन माणसांची कामं एक माणूस करतो. अनलोडिंगच्या पंपापाशी कोण असतं हेही विचारा. कागदावर हेल्पर असतो. रात्री दोनला तिथे टँकरच्या ड्रायव्हरशिवाय कोणी नसतं, आणि तो केबिनमध्ये झोपलेला.

पॅनलवरून पंप बंद करायचं बटण असेल तर हा वेळ निम्म्याहून कमी होतो. पण ते बटण खरंच चालतं का ते बघा. फील्डचा सिलेक्टर ‘लोकल’ वर ठेवलेला असला की पॅनलच्या बटणाला पंप दाद देत नाही, आणि तो बहुधा ‘लोकल’ वरच असतो.

उदाहरणात चालून ९ मिनिटं निघाली असं धरू आणि वाईट रात्रीसाठी १५ मिनिटं घेऊ.

४. वरचे आकडे काढा

टाकीचा व्यास ६ मीटर. तळाचं क्षेत्रफळ २८.२७ चौरस मीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण २८३ लिटर. डिप चार्ट असेल तर हे त्यातूनच घ्या.

भरण्याचा सर्वांत मोठा वेग तासाला ४०,००० लिटर, म्हणजे मिनिटाला ६६७ लिटर. टाकी मिनिटाला सुमारे २.४ सेंटिमीटर चढते. टँकर अनलोड होत असताना त्याच टाकीत प्लांटचं तेलही येत असेल तर दोन्ही मिळवून धरा. रोजचा सरासरी वेग इथे उपयोगाचा नाही.

आता वरून खाली या.

ओव्हरफ्लोची कड ७.६० मीटर. तेल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण ०.०००७ पट. पहाटे २५ अंशांना भरलेली टाकी उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत गेली असं धरलं तर साडेसात मीटरच्या तेलाला सुमारे १० सेंटिमीटर जागा लागते. एवढी मोठी टाकी एका दिवसात तितकी तापत नाही, पण आपल्याकडचा मे बघता मी ही जागा सोडतोच. हेक्झेन तर याच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. राहिले ७.५० मीटर. याच्यावर तेल कधीच जाता कामा नये.

हाय-हाय, म्हणजे एचएच. इथे इंटरलॉक, म्हणजे माणसाची वाट न बघता आपोआप चालणारी यंत्रणा, पंप बंद पाडतो आणि इनलेटचा व्हॉल्व्ह बंद करतो असं धरू. पंप थांबून व्हॉल्व्ह बसेपर्यंत अर्धा मिनिट, म्हणजे सव्वा सेंटिमीटर. त्यानंतर लाइनमधलं तेल. चार इंची लाइन १५० मीटर लांब असेल तर तिच्यात ११८० लिटरच्या आसपास तेल असतं. ट्रिपनंतर कोणी सवयीने हवा मारून लाइन ब्लो केली आणि व्हॉल्व्ह नीट बसलेला नसला, तर ते सगळं टाकीत येतं. आणखी ४.२ सेंटिमीटर. लाटा आणि गेजची चूक मिळून ३ धरा. बेरीज साडेआठच्या आत-बाहेर, १० सोडा. एचएच ७.४० मीटर.

हाय, म्हणजे एच. हा माणसासाठी. १५ मिनिटं गुणिले २.४ म्हणजे ३६ सेंटिमीटर, ४० सोडा. एच ७.०० मीटर.

आणि त्याच्याखाली कामाची वरची मर्यादा, ६.९० मीटर. ऑपरेटरने टाकी भरायची ती इथपर्यंत. या रेषेला अलार्म नसतो, ती भरण्याच्या सूचनेत आणि टाकीशेजारच्या पाटीवर लिहायची. ही रेषा ठरवली नाही तर लोक एच वाजेपर्यंत भरतात. मग एच अलार्म राहत नाही, भरणं संपल्याची घंटा होते.

इंटरलॉक नसेल तर? मग एचएचवरही माणूसच धावणार, म्हणून १५ मिनिटं ७.५० च्या खाली सोडावी लागतात. एचएच ७.१० वर येतो आणि बाकीचे त्याच्याखाली सरकतात. म्हणजे ३० सेंटिमीटर, जवळजवळ साडेआठ हजार लिटर जागा सीझनभर रिकामी. ‘एवढी टाकी खाली काऊन ठेवता?’ हा प्रश्न स्टोअरकडून येतोच. तेव्हा हा हिशेब पुढे ठेवा, इंटरलॉकच्या खर्चाचं बोलणं त्यातूनच सुरू होतं.

आडव्या टाकीत एक गंमत आहे. जमिनीखालच्या हेक्झेनच्या टाक्या बहुतेक आडव्याच. टाकी निम्मी असताना एका सेंटिमीटरला जितकं मावतं, त्याच्या साठ टक्केच वरच्या नव्वद टक्के उंचीला मावतं. पंप तोच, पण लेव्हल वर जाताना वेग धरते. शिवाय उंचीचे नव्वद टक्के म्हणजे आकारमानाचे जवळजवळ पंच्याण्णव टक्के. स्क्रीनवरचे टक्के उंचीचे आहेत की लिटरचे, हे विचारल्याशिवाय आडव्या टाकीचा सेट पॉइंट टाकू नका.

५. खालचे आकडे

इथे वरच्याइतकी भीती नाही, नुकसान पंपाचं. आउटलेट नोझलची वरची कड उदाहरणात ०.५० मीटर. तेल त्याच्या जवळ आलं की भोवरा होतो, पंप हवा ओढतो, सील जातं. एलएल, म्हणजे लो-लो, ०.८० मीटर, तिथे पंप बंद. उपसण्याचा वेगही तेवढाच आणि हाताशी दहा मिनिटं हवीत असं धरून एल, म्हणजे लो, १.१० मीटर.

कच्च्या तेलात तळाला गम आणि पाण्याचा गाळ बसतो. गाळ किती आहे ते डिपच्या गोळ्यावर दिसतं. तो वाढला तर एलएलही वर सरकवायचा. टाकीत हीटिंग कॉइल असेल तर एल कॉइलच्या वर ठेवा, उघडी कॉइल तेल करपवते.

एवढं झालं की चार ओळी तयार होतात. ट्रान्समीटरची रेंज ० ते ८ मीटर आणि त्याचा सिग्नल ४ ते २० मिलीअँपिअर धरून:

- एचएच ७.४० मीटर, १८.८० मिलीअँपिअर (वेगळा स्विच असेल तर नुसती उंची, सातवी पायरी बघा), पंप ट्रिप आणि इनलेट बंद
- एच ७.०० मीटर, १८.०० मिलीअँपिअर, ऑपरेटरने भरणं थांबवणं
- एल १.१० मीटर, ६.२० मिलीअँपिअर, उपसणं थांबवणं किंवा टाकी बदलणं
- एलएल ०.८० मीटर, ५.६० मिलीअँपिअर, उपसा पंप ट्रिप

शेवटचा भाग रिकामा राहत असेल, म्हणजे अलार्म वाजल्यावर कोणी काय करायचं हे लिहिता येत नसेल, तर तो अलार्म लावूच नका.

६. हिस्टेरेसिस आणि डिले

भरताना तेल हलतं, रीडिंग ६.९९, ७.०१, ६.९८ असं नाचतं. हिस्टेरेसिस, म्हणजे अलार्म वाजायचा आणि सुटायचा आकडा यांतलं अंतर, नसेल तर हूटर मिनिटाला दहा वेळा बोंबलतो आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेटर म्हणतो, ‘ते त बोंबलतच रायते, तुमी नका लक्ष देऊ.’ एकदा एका हूटरच्या भोंग्यात कापूस कोंबलेला मी पाहिलाय, चांगला जिनिंगचा, लांब धाग्याचा. कापूस कोंबणाऱ्यावर मी रागावलो नाही. त्या हूटरने त्या आठवड्यात कामाचं एकदाही सांगितलं नव्हतं.

५ सेंटिमीटर हिस्टेरेसिस ठेवा. एच ७.०० ला वाजेल आणि ६.९५ च्या खाली गेल्यावर निघेल. डिले १० सेकंद पुरे, तेवढ्यात तेल अर्धा सेंटिमीटरही चढत नाही. ट्रान्समीटरमधलं डॅम्पिंग (रीडिंगचं नाचणं संथ करणं) आणि पॅनलमधला डिले यांची बेरीज होते, दोन्हीकडे मोठे आकडे टाकू नका. वारंवार वाजतोय म्हणून कोणी दोन मिनिटांचा डिले मागितला तर आधी गेज का नाचतंय ते शोधा.

एच आणि एचएचचा आवाज वेगळा हवा. एचएचचा एक हूटर टँक फार्ममध्येही हवा, नुसता पॅनल रूममध्ये नको.

७. वायर तुटली, लाइट गेली, गेज अडकलं

चांगल्या दिवशी अलार्म वाजतोच. वाईट दिवसाचं इथे ठरवायचं.

वायर तुटली की लूपमध्ये शून्य मिलीअँपिअर. काही जुने इंडिकेटर आणि घाईत लिहिलेले पीएलसीचे (पॅनलमधल्या कंट्रोल कॉम्प्युटरचे) प्रोग्रॅम याला ‘टाकी रिकामी’ समजतात. भरणं ऑटोवर असेल तर भरलेल्या टाकीत पंप सुरू होतो! आपल्याकडे केबल ट्रेमध्ये उंदीर आणि खारी यांचा राबता असतो, त्यामुळे ही लांबची शक्यता नाही. नामूर एनई ४३ या पद्धतीप्रमाणे ३.८ ते २०.५ मिलीअँपिअर हे खरं रीडिंग, ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर म्हणजे बिघाड. पॅनलमध्ये ३.६ च्या खालच्या सिग्नलला स्वतंत्र बिघाड अलार्म लावा आणि त्यावर भरणं थांबू द्या. ट्रान्समीटरच्या मेन्यूत बिघाडाचा सिग्नल वर न्यायचा की खाली हे निवडता येतं. ओव्हरफ्लोची भीती असलेल्या टाकीला मी वर निवडतो.

रिले नेहमी ओढलेला (वीज चालू), अलार्मला सुटलेला (वीज बंद), असा ठेवा. म्हणजे फ्यूज उडाला तरी अलार्म येतो. उलटं ठेवलं तर फीडर गेल्यावर अलार्मही जातो आणि कोणाला कळत नाही. हूटर आणि गेज यूपीएसवर आहेत का तेही याच वेळी बघा. डीजी (डिझेल जनरेटर) सुरू होईपर्यंतच्या काळात टँकरचा स्वतःचा पंप चालू असू शकतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा, गेज अडकणं. इंग्लंडमध्ये बन्सफील्ड इथल्या इंधन डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे पेट्रोलची टाकी भरत होती. लेव्हल गेज एका आकड्यावर अडकून पडलं, त्यामुळे त्याच्यावरचा कुठलाच अलार्म आला नाही. शेवटच्या आधारासाठी वेगळा हाय लेव्हल स्विच होता, पण त्याच्या चाचणीच्या दांडीला जे कुलूप असायला हवं होतं ते नव्हतं आणि स्विच निकामी राहिला. सहाच्या सुमारास वाफेचा स्फोट झाला. माणसं दगावली नाहीत, ४३ जण जखमी झाले, डेपो जळत राहिला.

यातून दोन गोष्टी टाकीवर आणा. एचएच त्याच ट्रान्समीटरवरून घेऊ नका, त्याला वेगळा फोर्क किंवा फ्लोट स्विच द्या. एकाच गेजवर एच आणि एचएच लावले तर ते एकाच वेळी आंधळे होतात. आणि अनलोडिंग पंप चालू असताना दहा मिनिटांत लेव्हल ५ सेंटिमीटरही हलली नाही तर अलार्म द्या. आपल्या उदाहरणात ती २४ हलायला हवी. प्रोग्रॅमच्या दोन-चार ओळींचं काम आहे, पीएलसीवाल्याच्या मागे लागून करून घ्या.

जूनमधल्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग मान्सूनआधी बघून घ्या. डिस्प्लेवर उन्हाची टोपी नसेल तर मे महिन्यात तो काळा पडतो.

८. आकडे भरणं

इथे फार काही नाही. टाकी स्थिर असताना, शिफ्ट इनचार्जला सांगून, इंटरलॉक बायपासच्या वहीत नोंद करून आकडे टाका. मीटर की टक्के ते बघा. ट्रान्समीटरच्या आत आणि पीएलसीत असे दोन्हीकडे अलार्म असतील तर एकच जागा ठरवा, दुसरीकडचे बंद करा. शेवटी पासवर्ड लावा.

९. तपासणी

लूप कॅलिब्रेटरने हळूहळू सिग्नल वाढवत न्या. १८.०० ला एच वाजला का? खाली आणताना ६.९५ मीटरला, म्हणजे १७.९० ला, सुटला का? वेगळ्या एचएच स्विचची चाचणी त्याच्या जागेवरूनच करा, पंप खरंच पडतो का ते पंपापाशी माणूस उभा करून बघा. स्क्रीनवर ‘ट्रिप’ लिहून येणं आणि मोटर थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग वायर सोडून बिघाडाचा अलार्म, यूपीएस बंद करून रिले.

सेट पॉइंट तात्पुरता खाली आणून अलार्म वाजवून बघायचा शॉर्टकट नको. तो परत वर न्यायचा राहून जातो. त्याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे ट्रान्समीटरच्या मेन्यूतलं सिम्युलेशन. चाचणीनंतर ते चालूच राहिलं तर गेज तुम्ही टाकलेला आकडा दाखवत बसतं, टाकीत काही का होईना. टाकी सोडण्याआधी डिस्प्लेवरचं रीडिंग पुन्हा एकदा डिपशी ताडा.

१०. नोंद

एका पानावर चारही आकडे, ते कसे निघाले ते गणित, धरलेली मिनिटं, पंपाचा वेग, घनता, डिप आणि गेजचं रीडिंग, तारीख, सह्या. एक प्रत पॅनल रूममध्ये, एक फाइलला. टाकीशेजारी पाटीवर फक्त ६.९० आणि ७.०० लिहा, मोठ्या अक्षरात.

पंप बदलला, लाइन वाढवली, टाकीत दुसरा माल घेतला, गेज बदललं किंवा रात्रपाळीतला एक माणूस कमी केला, तर तिसऱ्या पायरीपासून पुन्हा. काहीच बदललं नाही तरी सप्टेंबरमध्ये, सोयाबीनची आवक सुरू होण्याआधी, नववी पायरी करून घ्या. दसऱ्यानंतर टँकरची रांग लागली की टाकी रिकामी मिळत नाही आणि चाचणीसाठी पंप बंद करायला कोणी देत नाही.